आठ जीबीचं माप

मारेगावात किसनराव टेलरांचं माप चुकलं असं कोणी म्हणालं, तर ऐकणारा आधी म्हणणाऱ्याच्या पोटाकडे बघतो. कापड आकसलं असेल, माणूस सुटला असेल, धोब्यानं काही घोळ घातला असेल. पण माप चुकलं असेल हे कोणाच्या मनात येत नाही. बत्तीस वर्षं हा माणूस बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराच्या खोलीत बसून तालुक्यातल्या अर्ध्याअधिक पोरापोरींचे शाळेचे ड्रेस शिवतो आहे. ज्यांचे ड्रेस पूर्वी शिवले, ते आता आपली पोरं घेऊन येतात.

किसनरावांच्या गळ्यात टेप असतो, पण टेपवर त्यांचा फार विश्वास नाही. माप द्यायला आलेल्या पोराला ते आधी उभं करतात, मग स्टुलावर बसवतात, मग दोन्ही हात वर करायला लावतात आणि शेवटी खाली पडलेला खडूचा तुकडा उचलून दे म्हणतात. पोरगं वाकतं, आणि तेवढ्यात त्यांना हवं ते दिसलेलं असतं. उभ्या माणसाचं माप कोणीही घेईल, माणूस काय दिवसभर उभा असतो का, असं त्यांचं म्हणणं. त्यांची दुसरी खोड म्हणजे पोराच्या पायांकडे बघणं. उंचीच्या मानानं तळपाय मोठे दिसले की ते शिलाईच्या आत बोटभर कापड जास्त सोडतात. ह्या आत सोडलेल्या कापडाला टेलर लोक मार्जिन म्हणतात. पोर वाढलं की शिलाई उसवायची, थोडं कापड बाहेर काढायचं, नवी टीप मारायची. त्याच ड्रेसवर आणखी एक वर्ष निघतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण ज्यानं काढली त्याच्या घरात वाढतं पोर नसणार, असं किसनराव म्हणतात. पाय काही अंथरुणाला विचारून वाढत नाहीत.

असा हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी एका मापाशी येऊन अडला. माप कॉम्प्युटरचं होतं.

त्यांची धाकटी मुलगी खुशी एकवीस वर्षांची. आयटीआयमधून तिनं इमारतींचे नकाशे काढायचा कोर्स केला आणि गेली दोन वर्षं ती वणीला अतुल सर म्हणून एक इंजिनिअर आहेत त्यांच्या ऑफिसात काम करते. रोज सकाळी साडेआठची एसटी, संध्याकाळी मिळेल ती. आता अतुल सरांनी नवीन टूम काढली होती. ऑफिसात जागा कमी आणि कामं जास्त, तेव्हा ज्याच्या घरी चांगला कॉम्प्युटर असेल त्यानं घरूनच नकाशे करावेत, आठवड्यातून दोनदा तोंड दाखवायला यावं. महिनाअखेरपर्यंत सोय झाली तर काम खुशीचं, नाही तर रांगेत आणखी दोघं उभे होतेच. आणि सोय म्हणजे नुसता डबा आणून चालणार नव्हता. मशीन धिमं निघालं, काम उशिरा गेलं, तर सर एकदा ऐकून घेतील, दोनदा घेतील. तिसऱ्यांदा ते काम दुसऱ्याला देतील. खुशीच्या हातातलं काम टिकायचं की जायचं, ते ह्या एका खरेदीवर होतं.

तिनं स्वतःच जेवताना सांगून टाकलं, की मेमरी आठ जीबी असली तरी बस झालं. वडिलांना आधी बरं वाटलं, पोरगी समजूतदार निघाली म्हणून. हात धुता धुता मात्र शंका आली. गिऱ्हाईक आपलं माप आपण सांगायला लागलं की किसनराव ते कधीच खरं धरत नाहीत. कोणी लाजेनं कमी सांगतं, कोणी तोऱ्यात जास्त सांगतं.

"पण ही मेमरी म्हंजे नेमकं काय ठेवाची जागा हाय?" त्यांनी विचारलं.

"ठेवाची नाई बाबा. ठेवाचं कपाट वेगळं असते," खुशी म्हणाली. "मेमरी म्हंजे तुमचं कटिंगचं टेबल. टेबल लहान असलं तं कापडाचं थान घड्या करू करू कापा लागते. होते काम, पन किती वेळ लागते तुमाले मालूमच हाय."

हे मात्र त्यांना एका दमात समजलं. लग्नाआधी चार वर्षं त्यांनी एका पेटीच्या झाकणावर कापड बेतलं होतं. त्या झाकणाची आठवण झाली की अजून त्यांची कंबर दुखते. मग टेबल किती मोठं हवं हे शोधून काढणं त्यांच्या दृष्टीनं सरळ टेलरचंच काम झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते त्या कामाला लागले.

आता मारेगावात सल्ला मागायची सोय नाही. माणूस तोंड उघडायच्या आत चार सल्ले येऊन पडतात. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा शेजारचा दुकानदार म्हणाला, चार जीबीवर मी अख्ख्या तालुक्याचे सातबारे काढतो, तुमच्या पोरीला काय उपग्रह सोडायचा आहे? त्याच्याकडे प्रिंट काढायला आलेले एक गुरुजी म्हणाले, आठ म्हणजे अगदी मध्यम, ना कमी ना जास्त, आपल्यासारख्यांनी मध्यम असावं. न्हाव्याचं म्हणणं असं, की मेमरी जास्त घेतली तर मशीन तापतं. हे त्याला कोणी सांगितलं ते त्यालाही आठवेना. घरी विमलताईंना विचारलं, तर त्यांनी पोळी उलटता उलटता सांगितलं, की पोरीला त्यातलं कळतं, तुम्हाला कळत नाही, तर ती म्हणते ते आणा आणि गल्लीभर विचारत फिरू नका. बायकोचं बोलणं खरं होतं, म्हणून किसनरावांनी ते मनावर घेतलं नाही.

घरात आणखी एक गोष्ट त्याच सुमारास चालू होती. विमलताईंचे भाऊ, म्हणजे खुशीचे मामा, वणीला असतात. त्यांनी एक स्थळ आणलं होतं आणि येत्या रविवारी पाहुणे मुलगी बघायला यायचे होते. स्थळ चांगलं होतं. कॉम्प्युटरचं एक चाललं होतं, पाहुण्यांचं एक चाललं होतं, आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं किसनरावांच्या मनाला शिवलंही नाही.

बुधवारी दुकान बंद ठेवून बापलेक यवतमाळला गेले. तिथं तारिकचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तारिकचे वडील जलालभाई शिलाई मशीनचे मेकॅनिक. किसनरावांच्या दोन्ही मशीन त्यांच्याच हाताखालून गेलेल्या, आणि जलालभाईंच्या मुलानं फसवलं तर जग बुडालं असं समजायला हरकत नाही, इतका त्या घरावर किसनरावांचा भरवसा. तारिकनं खुर्च्या पुसून दिल्या, अब्बांची तब्येत सांगितली आणि काउंटरवर एक लॅपटॉप आणून ठेवला. पाटीसारखा पातळ, रुपेरी रंगाचा. खुशीनं आठ दिवसांपूर्वीच फोनवर बोलून तो पसंत केला होता, आठ जीबीवाला.

किसनरावांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी खुशीला त्याच्यासमोर बसवलं.

"घरी जे काम करशीन थेच करून दाखव," ते म्हणाले. "दुकानात बसल्यासारखं नको करू. अतुल सर फोनवर घाई करून राह्यले असं समज."

तारिकला हसू आलं, पण त्यानं खुशीचा पेनड्राइव्ह लावून दिला, लागणारं सॉफ्टवेअरही चालू करून दिलं. खुशीनं एका दुमजली घराचा नकाशा उघडला. रेघा झटझट उमटल्या. किसनराव खुर्ची सरकवून मागे बसले आणि मशीनकडे न बघता मुलीकडे बघायला लागले. मग तिनं सरांचं पत्र उघडलं, नगरपंचायतीचा नियमांचा कागद उघडला, इंटरनेटवर खिडक्यांचे नमुने उघडले, आणि शेवटी तेच घर चारी बाजूंनी फिरवून दाखवणारं चित्र उघडलं. घर अर्धं वळलं आणि थांबलं. पडद्यावर एक गोल चकरी फिरायला लागली. खुशीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती थांबून राहिली. तिला त्याचं काही वाटलं नाही. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर थांबायची तिला सवय होती.

कुठं किती दाटतंय ते दिसतं का, असं किसनरावांनी विचारलं. तारिकनं दोन-तीन बटणं दाबली आणि एक आलेख पडद्यावर आणला. मेमरीच्या नावासमोर चौऱ्याण्णव टक्के लिहिलेलं होतं.

"बगलेत दाटून राह्यला," किसनराव म्हणाले.

पण ते सांगताना ते चिंतेत नव्हते, उलट खुशच होते. माप अखेर हाती लागलं होतं. दाटतं आहे तर ढिलं करायचं, एवढी सोपी गोष्ट. त्यांनी तारिकला सांगितलं, की आत्ता आठच राहू दे, पुढं काम वाढलं की उसवून वाढवून दे.

तारिक जरा अडखळला. मग म्हणाला, "चाचा, ह्यात नाई वाढत. ह्या मॉडेलमध्ये मेमरी बोर्डालेच पक्की जोडून येते. जेवढी आली, तेवढीच. मी बेटीले फोनवर सांगतलं होतं. तिले मालूम हाय."

किसनरावांनी खुशीकडे पाहिलं. खुशी त्या चकरीकडे बघत होती.

किसनरावांनी मुलीकडे असं का पाहिलं हे तारिकला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. शाळेचे ड्रेस शिवणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, ती गावात दुसऱ्या कोणाला तेव्हा ठाऊक नसते. जूनमध्ये बाप मुलीला घेऊन येतो. मुलगी हात वर करून उभी असते. बाप बाकावर बसतो आणि माप झालं की सहज बोलल्यासारखं बोलतो, "टेलर, यंदापुरताच शिवा." बस, तेवढंच. पण मार्जिन सोडायचं नाही याचा अर्थ पुढच्या वर्षी ड्रेस लागणार नाही, आणि पुढच्या वर्षी ड्रेस लागणार नाही याचा अर्थ मुलीची शाळा ह्याच वर्षी संपणार. मुलीला ते ठाऊक नसतं. मास्तरांना ठाऊक नसतं. ठाऊक असतं बापाला आणि टेलरला. असे कितीतरी यंदापुरते ड्रेस किसनरावांनी शिवले. गिऱ्हाईकाच्या घरात डोकावू नये हा धंद्याचा नियम त्यांनी पाळला आणि तोंडातून कधी अवाक्षर काढलं नाही.

खुशी लहानपणी सुट्टीत त्याच दुकानात बटणं लावत बसायची. मार्जिन म्हणजे काय हे तिला शिकवायची गरज नव्हती. ज्यातून बोटभरही बाहेर काढता येणार नाही असं मशीन तिनं चुकून निवडलेलं नव्हतं.

चहा पिऊन येतो असं तारिकला सांगून किसनराव उठले. तो इथंच मागवतो म्हणाला, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. रस्त्यापलीकडे टपरीसमोर बाक होता, तिथं दोघं बसले. ऑटोवाले ओरडत होते, कोवळं ऊन होतं. दोन घोट झाल्यावर किसनरावांनी विचारलं.

"किती वर्षांचं माप धरलं तू?"

खुशीनं उगाच कानावरून केस मागे सारले. मग सरळ सांगितलं, "दोन."

"दोनच काहून?"

"मामाचा फोन आलता तवा तुमी बोलले. दोन वर्षांत तिचं उरकून टाकू, तवरीक करू दे काम. मी तिथंच होती, कपडे घडी करत. मंग दोन वर्षांच्यावर कायले घ्याची? मेमरीचे भाव किती चढले सध्या, तारिकभाऊले विचारा. आठमध्ये थांबत थांबत निभते माह्यं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. किसनरावांना सगळ्यात जास्त तेच लागलं. भांडली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं. मोठ्या आवाजाला मोठा आवाज हे बापाला जमतंच. पण पोरीनं आपल्या आयुष्याचं माप आपणच घेऊन, जास्तीचं कापड आपणच कापून टाकलं होतं, आणि वर वडिलांचा खर्च वाचवला म्हणून बरंही वाटून घेतलं होतं.

त्यांना राहवेना. यंदापुरत्याचं हे तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी तर घरात कधी बोललो नाही.

"ताईनं," खुशी म्हणाली.

ताई म्हणजे दिपाली, त्यांची थोरली. राळेगावला दिली आहे, तिला एक मुलगा आहे.

"तिच्या अकरावीचा ड्रेस," खुशी सांगू लागली. "इस्त्री कराले तिनं उलटा केला, तं आतून काईच सोडलेलं नव्हतं. काठापर्यंत कापून टाकलं होतं. तिले त्याच दिवशी समजलं का आपली बारावी होत नाई. तुमी तिले दिवाळीनंतर सांगतलं बाबा. तिले जूनमधीच मालूम होतं."

किसनराव ग्लास हातात धरून बसून राहिले. असं आपण केलं का, हे ते आठवायला लागले. त्या वर्षी स्थळ चालून आलं होतं हे खरं. पक्कं काही नव्हतं, पण मनात ठरत आलं होतं. यंदापुरता शिव असं त्यांना सांगायला कोणी बाप बाकावर बसलेला नव्हता. बाप तेच होते, टेलरही तेच होते. आणि कात्री चालली होती. पांढऱ्या सलवारीवर निळा कुडता, त्याच्या बाजूच्या शिलाया, आणि सवयीनं सोडलेल्या कापडाची खाली पडलेली चिंधी. आता त्यांना सगळं दिसलं. दिपाली वर्गात दुसरी यायची. त्यांनी तिला दिवाळीनंतर जवळ बसवून समजावलं तेव्हा ती रडली नव्हती, आणि पोरगी किती शहाणी म्हणून त्यांनी चार लोकांत तिचं कौतुक केलं होतं. ती पाच महिने आधीच रडून बसली होती, हे त्यांना तेरा वर्षांनी, यवतमाळच्या एका टपरीवर कळलं. किसनरावांना लाज वाटली. इतकी, की खुशीकडे मान वळवून बघणं त्यांना जड गेलं.

"तिनं मले सांगून ठेवलं होतं," खुशी हळू आवाजात म्हणाली. "बाबा तोंडानं बोलत नाईत, तू शिलाई पाहत जाय."

चहावाल्यानं ग्लास नेले. मग किसनराव उठले आणि पँट झटकत म्हणाले, "चाल. माप परत घेऊ. दोन वर्षांचं नाई, तुले जेवढं वाटते तेवढ्याचं."

"बाबा, भाव..."

"भाव मी पाहीन. तू काम सांग."

तारिकसमोर परत बसल्यावर खुशीला आधी नीट बोलता येईना. जेवढं लागतं तेवढं सांगायची सवय असलेल्या माणसाला हवं ते सांगायला सांगितलं की तो असाच चाचपडतो. अतुल सरांचे नकाशे आहेत, म्हणाली. मग म्हणाली, घरं फिरवून दाखवायची कामं पुढं वाढतील. मग थोडं थांबून म्हणाली, की माणूस घरात शिरून खोल्याखोल्यांतून हिंडतो आहे असं चित्र करता येतं, ते तिनं शिकायला घेतलं आहे, घरी सांगितलं नव्हतं. आणि मग तिला थांबवता येईना. एखाद्या शाळेची इमारत करायची आहे, वर्गात उजेड कुठून येतो ते दुपारच्या उन्हासकट दाखवायचं आहे, पुढं डिप्लोमा करायचा आहे, नोकरी न करता स्वतः नकाशे घ्यायचे आहेत. किसनराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हे सगळं आपल्याच घरात इतके दिवस घडी घालून ठेवलेलं होतं.

"बत्तीस दे," ते तारिकला म्हणाले.

"नको," खुशी लगेच म्हणाली.

आणि मग बापलेकीत दुकानातच जुंपली. किसनरावांचं म्हणणं, मोठंच टेबल घेऊ, कटकट मिटली. खुशीचं म्हणणं, आज बत्तीसचं काम तिच्याकडे नाही, उगाच चढ्या भावात घेऊन ठेवायचं कशाला? सोळा बस आहे. पण पातळ लॅपटॉप नको, टेबलावरचा डबा हवा, म्हणजे पुढं वाढवता येईल. तारिक मध्ये पडला. सोळा करायची तर मेमरीच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या लावू, काम जरा जोरात होतं, असं त्यानं सुचवलं. ते खरंही होतं. खुशीनं तेही मोडून काढलं. पट्ट्या बसवायच्या खाचा दोनच, दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही भरल्या. उद्या वाढवायचं झालं की चांगल्या पट्ट्या काढून फेकाव्या लागतील. त्यापेक्षा सोळाची एकच पट्टी लावा आणि दुसरी खाच मोकळी सोडा. जरा कमी जोरात चालेल, चालू दे.

तारिकनं किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी खांदे उडवले. पोरगी दुकानदाराच्या तोंडावर त्याचा सल्ला मोडत होती, वडिलांचाही मोडत होती, आणि त्यांना मनातून इतका आनंद झाला होता की तो लपवायला त्यांनी खिशातला चष्मा काढून पुसायला घेतला. तारिकनं डब्याची एक बाजू उघडून दोन खाचा दाखवल्या, एकीत हिरवी पट्टी बसवली. किसनराव वाकून त्या रिकाम्या खाचेत बोट घालायला गेले, तेव्हा मात्र तारिकनं त्यांचा हात धरला आणि चाचा, आता हात लावू नका म्हणाला.

एसटी स्टँडवर बसची वाट बघताना त्यांनी खुशीला विचारलं, रविवारचं काय करू? खुशीला प्रश्नाचा अंदाज नव्हता. ती थोडा वेळ खोक्यावरच्या अक्षरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, आत्ता नको. कधी, ते मी सांगन. किसनरावांनी मामांना फोन लावला आणि पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायला सांगितलं. मामा भडकले. असं स्थळ परत चालून येत नाही, लोक काय म्हणतील, कॉम्प्युटरच्या नादी लागलात, असं बरंच बोलले. किसनरावांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी माप बदललं आहे एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मामांना त्यातलं काही समजलं नसणार, आणि घरी विमलताई भावाची बाजू घेऊन दोन दिवस बोलणार नाहीत हेही त्यांना दिसत होतं.

बसमध्ये खिडकीची जागा खोक्याला दिली, त्याच्या शेजारी खुशी बसली, आणि किसनराव तीन सीट मागे एकटे बसले. जोडमोहा गेलं, मोहदा गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, बाया कमरेला बांधलेल्या ओट्यात वेचून घेत होत्या. करंजीला बस थांबली, लोक पाणी प्यायला उतरले. तेव्हा त्यांनी दिपालीला फोन लावला.

आधी नातवाचं विचारलं. मग जावयांचं विचारलं, तुरीचं विचारलं, थंडी कशी आहे ते विचारलं. दिपाली सगळ्याची उत्तरं देत गेली आणि मग तिनंच विचारलं, की बाबा, काही झालं का, ह्या वेळी कधी फोन करत नाही तुम्ही.

"तुया अकरावीच्या ड्रेसले मी मार्जिन सोडलं नव्हतं," किसनराव म्हणाले.

पलीकडे भांडं ठेवल्याचं ऐकू आलं.

"मालूम हाय बाबा."

"सोडाले पायजे होतं."

माफी मागावी तर बापानं लेकीची ती कशी मागायची हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि मागितली तरी अकरावीचं वर्ष काही परत येणार नव्हतं. कंडक्टर चढला, लोक चढले, त्यानं दार ओढून घेतलं.

"खुशीच्या मशीनीत ठेवलं का?" दिपालीनं विचारलं. मशीनचं बहिणीबहिणींचं आधीच बोलणं झालेलं असणार.

"ठेवलं. तिनंच ठेवलं. भांडून ठेवलं."

"मंग झालं," ती म्हणाली.

बस सुटली. झालं असं म्हणूनही तिनं फोन ठेवला नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही. मारेगाव येईपर्यंत दोघं तसेच, फारसं काही न बोलता, कानाला फोन लावून राहिले.